चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीचं परीक्षण

माझी कॉमिकांबद्दलची मतं ऐकून घेणारं घरात कुणी उरलं नाही, तेव्हा ती इमारतीच्या सूचनाफलकावर लावायची असं मी ठरवलं. मूळ बेत एवढाच होता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे झालं त्यावरून लोकांना वाटतं, की मी काहीतरी मोठा कट रचला होता. कट रचायला जी अक्कल लागते ती माझ्याकडे असती, तर बायकोनं माझ्याशी बोलताना इतके सुस्कारे टाकले नसते.

मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. दिवसभर पडलेल्या भिंती आणि चेपलेल्या गाड्या बघतो आणि संध्याकाळी महाबलाढ्य नायकांची कॉमिकं वाचतो, त्यातही मला पडलेल्या भिंती आणि चेपलेल्या गाड्याच दिसतात. त्यामुळे माझी मतं इतर वाचकांपेक्षा वेगळी पडतात. उदाहरणार्थ 'महापोलाद'. हल्लीचे अंक बघा. हा गडी शत्रूवर भरलेली बस फेकतो. बरं, फेक. पण बसमधल्या माणसांचं काय झालं? पुढच्या चौकटीत बस नाही, माणसं नाहीत, आणि महापोलाद एका गच्चीच्या कठड्यावर बसून वडिलांच्या आठवणीनं रडतोय! हल्लीच्या नायकांना खलनायकापेक्षा वडीलच जास्त छळतात, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वीचा महापोलाद अनाथ होता आणि सुखी होता.

हे मी बायकोला सांगायला गेलो, तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"एकाच अंकाच्या चार प्रती कशाला आणल्यात?" तिनं विचारलं.

"चारही मुखपृष्ठं वेगळी आहेत."

"आणि आत?"

"आत सारखंच आहे."

तिनं एक सुस्कारा टाकला आणि माझा सदरा, वास्तविक तो सदरा स्वच्छ होता, पुन्हा धुवायच्या ढिगात टाकला. मुलगी तर कानात इअरफोनची बोंडं घालूनच घरात वावरते. मी दोन महिने समजत होतो, की ती गाणी ऐकते.

असा माणूस शेवटी सूचनाफलकाकडे वळणार नाही तर काय करील?

आमच्या इमारतीचा फलक काचेच्या कुलूपबंद पेटीत आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे ते झाले. खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. मी दोन कागद घेऊन गेलो. पहिल्यावर मोठ्या अक्षरांत 'कॉमिकांची परीक्षणे' असं शीर्षक आणि खाली महापोलादची खरडपट्टी. दुसऱ्यावर 'चौथ्या मजल्यावरची म्हातारी' या भयकथांच्या कॉमिकवर माझं मत. ही म्हातारी म्हणजे एका पडक्या इमारतीतलं भूत. एके काळी हिच्या अंकांनी माझी झोप उडवली होती. नव्या चित्रकारानं मात्र तिची पार रया घालवली आहे.

सेक्रेटरींनी कागद हातात घेऊन पट्टीनं मोजले.

"फलकावर चार सदरं आहेत," ते म्हणाले. "पाणी, लिफ्ट, तक्रारी आणि निधन. यातलं हे काय?"

"हे परीक्षण आहे. म्हणजे मत."

"मत चांगलं की वाईट?"

"वाईटच."

"मग तक्रार."

"अहो, पण आधी वाचा तरी."

"मी मजकूर वाचत नाही," सेक्रेटरी ताठ मानेनं म्हणाले. "मी समास बघतो. तक्रारींत एकाच कागदाची जागा आहे. हा पहिला मोठा आहे, बसणार नाही. दुसरा लावतो."

असा दुसरा कागद तेवढा फलकावर गेला. त्यावर सेक्रेटरींनी 'समितीस मान्य' असा जांभळा शिक्काही मारला. मी खुशीत घरी आलो. शीर्षक पहिल्या कागदावर राहिलं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. विम्याच्या दाव्यात अशी चूक कुणी केली असती, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"वाचलं," ते हळू आवाजात म्हणाले. "धाडस लागतं हो."

माझी छाती फुगली. दातांचे डॉक्टर कॉमिकं वाचत असतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. "मत मांडायला कसलं धाडस, डॉक्टर? जे दिसतं ते लिहिलं."

"खरंय. उगाच ओरडते, हे अगदी खरंय. पण संपवावं हे जरा जास्त होतंय. दुसऱ्या इमारतीत हलवावं, याला मात्र माझा पाठिंबा आहे."

"मलाही तेच बरं वाटतं," मी म्हणालो. "नव्या इमारतीत तिला नवे बळीही मिळतील. इथल्या लोकांचं रक्त पिऊन पिऊन तिला तरी किती दिवस पुरणार?"

डॉक्टरांनी माझा हात सोडला. माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत ते पाठमोरे न होता जिना चढून गेले. मला वाटलं, दात बघून बघून माणसं अशी होत असतील.

संध्याकाळी परतलो तर बायको दारातच उभी. हात कमरेवर. सुस्कारा नाही. सुस्कारा नसला की मी घाबरतो.

"चौथ्या मजल्यावर कोण राहतं?" तिनं विचारलं.

"कुठल्या अंकात?"

"अंकात नाही! आपल्या इमारतीत!"

मी मनातल्या मनात मजले मोजले. आमच्या चौथ्या मजल्यावर बाई राहतात. बाई म्हणजे मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. एकट्या राहतात, केस पांढरेशुभ्र, कपडेही बहुतेक पांढरे. आणि मुख्य म्हणजे सोसायटीच्या अध्यक्ष त्याच. तळमजल्यावरची चौकीदाराची जुनी खोली माझ्या कॉमिकांच्या कपाटाला वापरू द्यायची की नाही, हे दरवर्षी त्यांच्या सहीनं ठरतं. ते कपाट घरात आलं तर आपण माहेरी जाऊ, असं बायकोनं मला फार पूर्वी आणि अगदी शांतपणे सांगून ठेवलं आहे.

मी धावत खाली गेलो आणि काचेतून माझाच मजकूर परक्या डोळ्यांनी वाचला:

'चौथ्या मजल्यावरची म्हातारी आता पूर्वीसारखी राहिली नाही. पूर्वी ती नुसती समोर उभी राहिली तरी अंगावर काटा यायचा. आता ती कारण नसताना ओरडते. दर वेळी तोच पांढरा पेहराव, तेच पिंजारलेले केस. लहान मुलंसुद्धा तिला भीक घालत नाहीत. माझ्या मते तिला आता संपवावं, किंवा निदान दुसऱ्या इमारतीत हलवावं.'

खाली माझा घर क्रमांक. त्याखाली 'समितीस मान्य'.

आमच्या समोरच्या घरात एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे हायकोर्ट म्हणतात. कोर्टात ते नोकरीला होते हे खरं, पण तिथे ते फायलींना दोरे बांधत. तरी इतकी वर्षं कायद्याच्या इतक्या जवळ बसल्यानं माणसात काहीतरी उतरतंच, असा त्यांचा दावा आहे. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"माफी मागू नका," ते म्हणाले. "माफी म्हणजे कबुली. लेखी खुलासा द्या. आणि थोडक्यात. शब्द जितके जास्त, तितके तुम्ही अडकणार."

मी खुलासा लिहिला. चांगला पानभर होता. त्यात म्हातारीचा जन्म, तिचा मृत्यू, चित्रकारातला बदल, सगळं होतं. हायकोर्टांनी लाल पेन्सिल घेतली.

"'कॉमिकमधील' कशाला? थट्टा केल्यासारखं वाटतं. काढा. 'पहिल्याच अंकात'? अंक म्हटलं की नाटक. आपण नाटकं करतोय असं वाटेल. काढा. 'भूत'? अरे बापरे! हा तर सरळसरळ अब्रुनुकसानीचा शब्द. काढा."

शेवटी जे उरलं, ते असं: 'चौथ्या मजल्यावरची म्हातारी हयात नाही. ती केव्हाच वारली आहे. तरी रहिवाशांनी गैरसमज करून घेऊ नये.'

हे मी सेक्रेटरींकडे नेलं, त्या क्षणी मला कुणीतरी अडवायला हवं होतं. विमा कंपनीत माझ्यावर तीन साहेब आहेत. घरी बायको आहे. पण नेमक्या त्या जिन्यात माझ्यावर कुणीच नव्हतं. सेक्रेटरींनी समास पाहिला, समाधानानं मान हलवली आणि विचारलं, "हे कशात लावू? तक्रारींत जागा नाही."

"कुठंही लावा," मी म्हणालो, "पण लगेच लावा."

त्यांनी 'वारली' एवढा एकच शब्द वाचला असावा. कागद 'निधन' या सदरात गेला, नियमाप्रमाणे काळी चौकट आखून.

पुढचा दिवस सुट्टीचा होता. सकाळी मी दाढी करत होतो, तोच वरून एक किंकाळी ऐकू आली. नंतर धप् असा आवाज. मग जिन्यावरून काहीतरी गडगडत खाली आलं. दार उघडून पाहतो तर पायरीवर फुलांचा गुच्छ आणि त्यामागोमाग दातांचे डॉक्टर, बसल्या बसल्या पायऱ्या उतरत.

"बाईंनी... दार उघडलं," ते म्हणाले. "स्वतः!"

डॉक्टर काही पहिले नव्हते, हे मला नंतर कळलं. त्यांच्याआधी बातमी ऐकून बाईंच्या शाळेतले दोन जुने शिक्षक येऊन गेले होते. पण त्यांना जाड भिंगांचे चष्मे होते आणि बाईंना त्यांनी बाईंची बहीण समजून धीर दिला होता. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई दारातच ओक्साबोक्शी रडल्या. सेक्रेटरींनी तर पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगून इमारतीचं पाणी दहा मिनिटं बंद ठेवलं. सोसायटीकडे दुःख व्यक्त करायला दुसरं साधन नव्हतं.

मी फलकाकडे धावलो, काळी चौकट पाहिली, आणि तिथेच भिंतीला टेकलो. अशात वरून आवाज आला. हयात माणसाचा, आणि खणखणीत.

"कॉमिकवाले! वर या!"

मी वर गेलो. हातात 'चौथ्या मजल्यावरची म्हातारी'चा तो अंक होता. एवढा एकच पुरावा माझ्याजवळ होता. बाईंची खोली नीटनेटकी. पुस्तकांचं कपाट, खिडकीशी टेबल, टेबलावर फुलंच फुलं. चाळीस मुलांपुढे उभं राहावं तशा त्या माझ्या एकट्यापुढे उभ्या होत्या.

"परवा तुम्ही मला संपवायला निघालात," त्या म्हणाल्या. "काल मी वारले. आज काय बेत आहे?"

मी तोंड उघडलं. विम्यात मी रोज लोकांना प्रश्न विचारून घाम फोडतो, पण उत्तरं द्यायची सवय नाही. मी नुसता अंक पुढे केला. बाईंनी चष्मा लावला. मुखपृष्ठावर पिंजारलेल्या केसांची पांढरी म्हातारी आणि वर ठळक नाव. बराच वेळ त्या मुखपृष्ठाकडे बघत होत्या.

"ही मी नव्हे," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई! तेच तर मी सगळ्यांना..."

"मी केस बांधते."

"हो बाई."

"बसा."

मी बसलो. त्या खिडकीशी बसून वाचू लागल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट. मध्ये एकदा त्यांनी पेन उचललं आणि संवादाच्या एका फुग्यातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. माझ्या अंकावर! कोऱ्या अंकावर! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी... पण मी त्या घटकेला काहीच करू शकत नव्हतो. अंक मिटून त्यांनी चष्मा काढला.

"तुमचं परीक्षण चुकलंय," त्या म्हणाल्या.

मान खाली घालून बसलेला मी एकदम ताठ झालो. माझं वागणं चुकलं, फलक चुकला, खुलासा चुकला, सगळं कबूल. पण परीक्षण? "काय चुकलंय?" मी विचारलं.

"तुम्ही लिहिलंत, ती कारण नसताना ओरडते. अहो, पहिल्या पानापासून ती एकेक दार वाजवतेय. कुणी उघडत नाही. आतून सगळे कडी लावून बसलेत. सातव्या पानावर ती पहिल्यांदा ओरडते. मग कारण नाही कसं?"

मी अंक घेतला आणि उघडला. दारं होती. दर पानावर होती. मी फक्त म्हातारीचे केस आणि नव्या चित्रकाराच्या रेषा बघत बसलो होतो.

"पण भीती वाटत नाही, हे तरी खरं ना?" मी चिवटपणे म्हणालो.

"मला वाईट वाटलं," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. मग त्यांनी टेबलावरच्या फुलांकडे हात केला. "सकाळपासून किती लोक आले माहीत आहे? मी निवृत्त झाले तेव्हासुद्धा एवढे आले नव्हते. आमच्या गणिताच्या मास्तरांनी माझ्याच हातात हात देऊन मला सांगितलं, 'तुमची बहीण फार मोठ्या मनाची होती.' बावीस वर्षं एका शाळेत होतो आम्ही. एका शब्दानं बोलले नव्हते कधी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो, होतीच. आणखी काय सांगाल तिच्याबद्दल?"

आणि बाई हसायला लागल्या. मीही हसलो, जरा उशिरानं, परवानगी आहे याची खात्री झाल्यावर. शिंपीणबाईंनी रडता रडता एका झग्याची शिलाई जास्त लावल्याची कबुली दिली होती म्हणे. डॉक्टरांची किंकाळी बाईंनी मला करून दाखवली. हुबेहूब!

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. सेक्रेटरींनी रीतसर सभा बोलावली, कारण फलकाचा अवमान झाला होता आणि पाणी विनाकारण बंद राहिलं होतं. विषय एकच: सदर गृहस्थांचं कपाट तळमजल्यावरून हलवणे. सभेत डॉक्टर कमरेला उशी लावून बसले होते. हायकोर्ट माझ्या शेजारी बसले आणि "मी बोलतो, तुम्ही गप्प बसा," असं म्हणून शेवटपर्यंत स्वतःच गप्प बसले. बायको मागच्या रांगेत होती. ती माझ्या बाजूनं आली होती की कपाटाच्या विरुद्ध, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"असलं वाङ्मय इमारतीत असणं धोक्याचं आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"आपण वाचलंत का?" अध्यक्षपदावरून बाईंनी विचारलं.

"मी समास..."

"मग वाचू या." बाईंनी पिशवीतून अंक काढला आणि उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. म्हातारीचा आवाज वेगळा, रहिवाशांचे वेगळे, दार वाजलं की टेबलावर टकटक. पहिल्या दोन पानांवर लोक हसत होते. चौथ्या पानावर हसू थांबलं. सातव्या पानावर बाईंनी जी आरोळी ठोकली, तिनं डॉक्टरांची उशी खाली पडली आणि सेक्रेटरींनी चक्क माझा दंड धरला. वाचन संपलं तेव्हा मागच्या रांगेतून एक आवाज आला.

"मग शेवटी दार कुणी उघडलं?"

आवाज माझ्या बायकोचा होता. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"ते पुढच्या अंकात," मी म्हणालो. त्या सभेतलं माझं हे एकमेव वाक्य, पण सबंध सभेनं माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलं, की मला बसवेना.

कपाट राहिलं. सेक्रेटरींनी एकट्यानं विरोध नोंदवला, तोही कपाटाच्या रुंदीबद्दल. फलकावर 'मते' असं पाचवं सदर निघालं. त्यात माझं महापोलादचं परीक्षण लागलं आणि त्याशेजारी बाईंचं उत्तर: वडिलांसाठी रडणाऱ्या नायकाला हसणाऱ्यानं आधी स्वतःच्या वडिलांना शेवटचं कधी भेटलो ते आठवावं. मी रागानं लाल झालो आणि त्या रविवारी वडिलांकडे जाऊन आलो.

म्हातारीचा पुढचा अंक आला, तेव्हा बाई आणि मी तळमजल्याच्या खोलीत कपाटापुढे खुर्च्या टाकून तो एकत्रच वाचला. संध्याकाळची वेळ होती, बाहेर चांगला उजेड होता. या खेपेला म्हातारीनं दारं सोडून दिली होती. ती लिफ्टमध्ये शिरली होती. लिफ्टचा दरवाजा उघडतो आणि आत आरशात ती दिसते. पण वळून पाहावं तर आत कुणीच नाही! नव्या चित्रकाराबद्दल मी जे जे बोललो होतो, ते सगळं मी मनातल्या मनात मागे घेतलं.

वाचून झाल्यावर बाईंनी अंक मुखपृष्ठ खाली करून ठेवला.

"ठीक आहे अंक," बाई म्हणाल्या. "फार काही भीती नाही."

"छे! अजिबात नाही."

आम्ही बाहेर आलो. लिफ्ट समोर उघडी उभी होती. आत आरसा होता.

"आज मी जिन्यानं जाईन म्हणते," बाई म्हणाल्या. "व्यायाम होतो."

"मी सोबत येतो. तुम्हाला पायऱ्यांचा त्रास होईल."

"मला कसला त्रास? पण या तुम्ही. तुम्हाला एकट्याला इथं बरं वाटायचं नाही."

चार मजले आम्ही गप्पा मारत चढलो, जरा मोठ्या आवाजात. बाईंनी कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि निरोप घेतला. दार लागलं. मी जिन्याकडे वळलो. खाली चार मजले रिकामा जिना. कुठल्याशा मजल्यावर लिफ्टचा दरवाजा आपोआप उघडल्याचा आवाज आला.

मी बाईंचं दार वाजवलं.

ते लगेच उघडलं. बाई कडीला हात लावूनच उभ्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या जिन्याकडे पाहिलं, आणि पायांत चपला सरकवल्या.

"चला," त्या म्हणाल्या, "तुम्हाला घरी सोडते. पण तुमच्या बायकोला सांगा, तिनं मला परत वर आणून सोडायचंय."